औषध सुटताना

नैराश्यावरील औषध सुरू कसे करावे, हे वैद्यकाने लवकर आत्मसात केले. थांबवावे कसे, याकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. या वर्गातील आरंभीचे औषध इमिप्रामिन १९५७ साली स्वित्झर्लंडमधून पुढे आले. ते एकाएकी बंद केल्यास मळमळ, घाम, निद्रानाश उद्भवतो, हे पुढच्या काही वर्षांतच नोंदले गेले होते. तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत ही लक्षणे बहुधा सौम्य असून आठवडाभरात ओसरतात, असेच म्हटले होते.

मग ज्यांना महिनोन्महिने भोवळ येई, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटे, त्यांनी काय समजावे? आजार उलटला, असे निदान होई आणि गोळी पुन्हा सुरू होई. वस्तुतः औषध सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच जाणवू लागतो; आणि विजेचे झटके हे काही नैराश्याचे लक्षण नव्हे! काहींना हा त्रास तीव्र व दीर्घ असतो, हे संस्थेने २०१९ साली मान्य केले. दहा वर्षे हा काही लहान काळ नव्हे.

त्रास सर्वांनाच होतो असे नाही. शरीरातून झपाट्याने निघून जाणाऱ्या पॅरॉक्सेटिनने तो अधिक होतो, रेंगाळणाऱ्या फ्लुऑक्सेटिनने कमी. शिवाय मात्रा निम्मी केली म्हणजे मेंदूवरील परिणाम निम्मा होत नाही. अखेरचे काही मिलिग्रॅमच सर्वांत जड जातात. तेथे बाजारातील लहानात लहान गोळीही मोठी ठरते. काही औषधे द्रवरूपात मिळतात. पण ते सांगणारा डॉक्टर भेटावा लागतो.