मांद्रारेकाठचं काटेवन

मादागास्करच्या आग्नेय टोकाजवळच्या फोर-दोफां बंदरातून पश्चिमेला निघालं की आधी हिरवे डोंगर आणि भातखाचरं लागतात. हिंदी महासागरावरचे वारे आपलं पाणी याच डोंगरांच्या पूर्व उतारावर ओततात. पलीकडे उरतो कोरडा अंद्रॉय प्रदेश. बंदरापासून सुमारे 80 किलोमीटरवर, मांद्रारे नदीच्या काठी बेरेंटीचं राखीव वन आहे. पर्यटक येतात ते नदीकाठच्या चिंचांखाली फिरणारे पट्टेरी शेपटीचे लेमूर बघायला. पण नदीपासून जरा दूरचं काटेवन पाहिल्याशिवाय परत फिरू नये.

तिथलं मुख्य झाड म्हणजे अ‍ॅलुऑडिया प्रोसेरा. इथले तांद्रॉय लोक त्याला फांत्सिओलोत्स म्हणतात. दहा-पंधरा मीटर उंच, फांद्या मोजक्याच आणि त्याही आभाळाकडे ताठ. जवळून पाहिलं की राखाडी खोडावर काट्यांच्या मळसूत्री ओळी दिसतात. पाऊस झाला की प्रत्येक काट्यालगत बारीक, जाडसर पानांची जोडी फुटते, म्हणजे पालवी थेट खोडालाच! कोरड्या महिन्यांत पानं गळतात आणि झाड साठवलेल्या पाण्यावर तगतं. लहानपणी ते नुसतं काटेरी जाळं असतं. काही वर्षांनी त्यातून एक खोड उंच निघतं आणि खालच्या फांद्या वाळून जातात. निवडुंगाशी त्याचं दूरचं नातं आहे, पण अ‍ॅलुऑडियाच्या सहाही जाती मादागास्करबाहेर रानात कुठेच उगवत नाहीत.

या काट्यांमधून पांढरा सिफाका लेमूर खोडावरून खोडावर उभ्यानेच झेपावतो आणि नेमकी पकड घेतो. पाहताना आपलेच तळहात आखडतात. रात्री याच झाडांची पानं खाऊन दुसरा, लहानसा लेमूर जगतो.

द ओम या फ्रेंच कुटुंबाने इथे घायपाताचे मळे लावले आणि त्यासाठी काटेवनाचे विस्तीर्ण पट्टे साफ केले. त्याच कुटुंबाने 1936 मध्ये बेरेंटीचं रान राखून ठेवलं. या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगायला हव्यात. संशोधक अ‍ॅलिसन जॉली यांनी 1963 पासून लेमूरांचा अभ्यास केला तो इथेच. त्यांच्यात माद्यांचं वर्चस्व असतं हे त्यातून जगाला कळलं.

बाहेर मात्र तोड चालू आहे. घरांच्या फळ्यांसाठी लाकूड लागतं, कोळशाच्या भट्ट्या पेटतात, शेतीसाठी रान जाळलं जातं. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या माणसांना त्याबद्दल बोल लावणं मला पटत नाही. त्यांनीच तर पूर्वजांच्या थडग्यांभोवतीची रानं आपल्या देवराईसारखी जपली आहेत. तिथे कुऱ्हाड चालवणं निषिद्ध आहे, आणि आजूबाजूला शेतं पसरली तरी यातली कित्येक रानं अजून उभी आहेत.