‘गाव’ म्हणजे नक्की काय? नकाशे जोडताना येणारी अडचण



दिशा, प्रमाण, सूची शिकवली की आपला नकाशाचा धडा संपतो. पण दोन खात्यांचे नकाशे एकमेकांवर ठेवायची वेळ आली की खरी गंमत सुरू होते.

औसा तालुक्यातलं किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवली गेली. त्यात किल्लारीही होतं. आता भूकंपाआधीच्या नकाशात किल्लारीचा ठिपका जुन्या गावठाणावर, उपग्रहाच्या चित्रात घरं नव्या जागी आणि महसूल खात्याच्या नकाशात किल्लारी म्हणजे अख्खं शिवार. नाव मात्र एकच! संगणकाला नावं जुळली की पुरे, तो तिन्ही एक करून टाकतो. यातला एकही नकाशा चुकीचा नाही हो, ‘गाव’ या शब्दाचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

म्हणून नकाशे जोडण्याआधी अर्थ ठरवून घ्यायचे. तज्ज्ञ याला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात, आपण ‘सामायिक संकल्पना-आराखडा’ म्हणू. नाव जड, काम साधं. शिवार म्हणजे हद्द असलेली जमीन. वस्ती म्हणजे माणसं राहतात ती जागा. ग्रामपंचायत म्हणजे कारभार. मग त्यांची नाती लिहायची: वस्ती शिवाराच्या ‘आत’ आहे, हे गावठाण १९९३ पर्यंत ‘राहतं’ होतं. ‘आत’, ‘लगत’ अशी नाती संगणकाला कळतील अशी मांडायची ‘जिओस्पार्कल’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत २०१२ पासून आहे. कुठल्याच खात्याला आपला नकाशा बदलावा लागत नाही. त्यातलं ‘गाव’ आराखड्यातल्या कोणत्या अर्थाचं, एवढं नोंदवलं की झालं. आपल्या जुन्या माणसांनी हा भेद केव्हाच केला होता: गावाची पांढरी वेगळी, काळी वेगळी.

नांदेड जिल्ह्यात किनवट, मुखेडकडे तांडे आहेत. महसुली दर्जा नसलेल्या तांड्याला जनगणनेच्या यादीत वेगळी ओळ नसते, त्याची माणसं मूळ गावात मोजली जातात. शाळा मात्र तांड्यावर असू शकते. पाण्याची यादी गावानुसार काढली आणि गावात नळ असला, की सगळ्यांपुढे ‘पाणी आहे’ अशी खूण होते. तांड्यावरचे रिकामे हंडे त्या यादीत दिसतच नाहीत.

“मग नावाऐवजी कोड वापरा की!” असं कुणी म्हणेल. पण कोडही ज्याचे त्याचे. शाळेचा युडायस ११ अंकी: राज्याचे दोन, जिल्ह्याचे दोन, तालुक्याचे दोन, गावाचे तीन, शाळेचे दोन. २०११ च्या जनगणनेत गावाचा कोड मात्र सहा अंकी. दोन्हींचा जोडतक्ता माहितगार माणसानेच करायला हवा, आणि माझ्या मते तो शिक्षकाइतका चांगला कुणी करणार नाही.

सातवी-आठवीच्या वर्गात करून पाहा. फळ्यावर तीन रकाने आखा: शिवार, वस्ती, ग्रामपंचायत. मुलांना आपापली वाडी, तांडा, आखाडा योग्य रकान्यात लिहू द्या. एकाच नावावरून दोन मुलं भांडली, तर ते नाव लगेच पुसू नका. दोघांना विचारा, “तू कशाला गाव म्हणतोस?”