रेणूंची चाळणी, हव्या त्या मापाची

पीठ चाळायची चाळणी वेगळी आणि ज्वारी चाळायची वेगळी. फरक असतो तो भोकांचा. मग रेणू चाळायचे झाले तर भोके केवढी हवीत?

अवघी काही अँगस्ट्रॉम! एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. अशा भोकांचे स्फटिक निसर्गातही आहेत. पातूरची लेणी ज्या काळ्या बेसॉल्ट खडकात कोरली आहेत, त्याच खडकाच्या पोकळ्यांत पुणे, नाशिक, जळगावकडे झिओलाइट सापडतात. कारखान्यात बनणाऱ्या ‘झिओलाइट-ए’मध्ये सोडियम असेल तर भोक सुमारे ४ अँगस्ट्रॉमचे असते. सोडियमच्या जागी पोटॅशियम आणले तर ते ३ चे होते, कॅल्शियम आणले तर ५ चे. ३ अँगस्ट्रॉमच्या भोकातून पाण्याचा रेणू आत जातो, अल्कोहोलचा बाहेरच राहतो. अल्कोहोलमधले उरलेसुरले पाणी असेच काढतात. पण येथे सांगाडा तोच राहतो, म्हणून मापे मोजकीच मिळतात.

सांगाडाच आपण ठरवला तर? ही वाट रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमर याघी यांनी दाखवली. त्यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या पदार्थांना धातु-सेंद्रिय सांगाडे म्हणतात.

एक सांगाडा घरीच करून पाहा. ओल्या मातीचे ८ गोळे आणि तुराटीचे १२ सारखे तुकडे घेऊन घन बांधा. गोळा म्हणजे धातूचा सांधा, तुराटी म्हणजे सेंद्रिय रेणूची दांडी. याघींच्या १९९९ मधील ‘एमओएफ-५’ या पदार्थात सांध्यात जस्ताचे चार अणू असतात आणि दांडीत एक बेंझीन वलय. दोन सांध्यांच्या मध्यांतील अंतर १२.९ अँगस्ट्रॉम. दांडीत दोन वलये घातली की ते १७.१ होते, तीन घातली की २१.५. म्हणजे दर वलयामागे सुमारे ४.३ अँगस्ट्रॉमची वाढ! सांधा तोच, फक्त दांडी बदलली. (प्रत्यक्ष भोक याहून लहान असते, कारण सांध्यांची व दांड्यांची जाडी वजा करावी लागते.)

तर मग दांडी लांबवतच का नेऊ नये? याला दोन अडचणी आहेत. लांब दांड्यांचा सांगाडा आतील द्रव काढताच ढासळू शकतो. शिवाय मोठ्या पोकळीत दुसरा सांगाडा वाढून बसतो आणि भोके पुन्हा लहान होतात. हे टाळण्यासाठी विरल द्रावणातून स्फटिक वाढवतात. एमओएफ-५ ला दमट हवाही सोसत नाही. पाण्याचे रेणू जस्ताचे बंध तोडतात. म्हणून माप साधून भागत नाही, सांधाही टिकाऊ लागतो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अशा सांगाड्यांवर काम चालते. धुरातील कार्बन डाय-ऑक्साइड वेगळा काढणे हा त्यांचा एक मोठा उपयोग.

आता एक गणित. एका अँगस्ट्रॉमला १ सेंटिमीटर धरून १२.९ आणि २१.५ सेंटिमीटर बाजूचे दोन घन बांधा. बाजू दुपटीहूनही कमी वाढली. आकारमान किती पट झाले, ते काढा. उत्तर साडेचार पटींच्या थोडे वर आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.