पाहुण्यांची रात्र आणि पेटती शेगडी

थंडीत पाहुणे आले की बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा असा बेत होतो. ऊब राहावी म्हणून आपण शेगडी आत घेतो, दार-खिडकी लावतो. धोका इथेच आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही; धूर थांबला तरी तो निघतच राहतो. रक्तात तो प्राणवायूची जागा घेतो. झोपलेला माणूस जागाही होत नाही.

शेगडी बाहेरच ठेवा. चूल घरातच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा. झोपण्यापूर्वी निखारे बाहेर नेऊन पाण्याने विझवा. ऊब गोधडीची घ्या.

एकाच वेळी अनेकांचं डोकं दुखलं, चक्कर आली, मळमळलं, तर ‘जेवण बाधलं’ म्हणून थांबू नका. दार उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा.