चाळिशीनंतरची गिटार : रियाज किती आणि कसा?

संध्याकाळी लोअर परळ स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत हल्ली एखाद्याच्या पाठीवर गिटारची काळी पिशवी दिसते. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जागी कार्यालये उभी राहिली. सन मिल कंपाउंडमध्ये तर २०१३ साली ‘ट्रू स्कूल ऑफ म्युझिक’ ही संगीतशाळाच सुरू झाली. गिटार शिकणारे सगळेच कॉलेजातले नसतात. मुले मोठी झाली, गृहकर्जाचे हप्ते संपत आले, आता राहून गेलेली हौस भागवू, असे म्हणणारेही त्यांत असतात.

यांतल्या अनेकांची गिटार सहा महिन्यांत कपाटावर जाते. कारणे दोनच सांगितली जातात : ‘आता वय झाले, बोटे वळत नाहीत’ आणि ‘हात दुखतो’. पहिले कारण बहुतांशी खरे नाही. दुसरे बऱ्याचदा टाळता येते.

जर्मनीतील थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. डाव्या हाताच्या बोटांच्या संवेदनांसाठी त्यांच्या मेंदूने जास्त जागा राखलेली आढळली. लहानपणी सुरुवात केलेल्यांत हा बदल अधिक होता, हे खरे. पण मोठेपणी मेंदू बदलायचे थांबवतो, असा त्याचा अर्थ नाही. पक्षाघातानंतर साठीतला माणूस सरावाने पुन्हा शर्टाची बटणे लावू लागतो, तेव्हा मेंदूची हीच लवचीकता कामाला येते.

मग चुकते कुठे? बहुतेकदा वेळेच्या वाटणीत. १९७०च्या दशकात ब्रिटिश टपाल खात्यातल्या पोस्टमनना टंकलेखन शिकवायचे होते. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले. कुणी दिवसातून एकच तास शिकले, तर कुणी चार तासांपर्यंत. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास सर्वांत कमी लागले. गंमत म्हणजे आपल्या पद्धतीवर सर्वांत नाराज हाच गट होता, कारण त्यांचे दिवस जास्त गेले. रविवारी सलग तीन तास बसणाऱ्याला समाधान मिळते. प्रगती मात्र रोज वीस-पंचवीस मिनिटे बसणाऱ्याची होते.

विश्रांती हाही रियाजाचाच भाग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील २०१९च्या एका प्रयोगात लोकांनी दहा सेकंद बोटांची एक क्रमवार हालचाल केली आणि दहा सेकंद विश्रांती घेतली. सुरुवातीची बरीचशी सुधारणा त्या छोट्या विश्रांतींमध्येच झाली. २००२च्या दुसऱ्या अभ्यासात अशीच हालचाल शिकून रात्री झोपलेल्यांचा वेग सकाळी साधारण २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. झोप मोडून केलेला रियाज म्हणूनच तोट्याचा.

सरावाची पद्धतही महत्त्वाची. टेक्सास विद्यापीठात १७ पियानोवादकांना एक अवघड तुकडा बसवायला दिला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वोत्तम ठरलेल्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ घेतला नव्हता. चूक झाली की ते थांबत, ती नेमकी कुठे आहे हे शोधत आणि तेवढीच जागा सावकाश वाजवत. आपण मात्र अडखळलो की गाणे पहिल्यापासून सुरू करतो. त्यामुळे येणारा भाग शंभरदा वाजतो आणि न येणारा दहादा.

पंचवीस मिनिटांची वाटणी अशी करता येईल. पहिली तीन मिनिटे बोटे मोकळी करायला, हलक्या हाताने. पुढची दहा मिनिटे दोन-तीन अडचणींना, आलटूनपालटून. उदाहरणार्थ, ‘सी’ कॉर्डवरून ‘जी’वर जाणे, मग स्ट्रमिंगचा ठेका, मग पुन्हा कॉर्ड. मेट्रोनोम इतका हळू ठेवा की चूक होणार नाही. त्यानंतर दोन मिनिटे गिटार खाली ठेवा. उरलेली दहा मिनिटे आवडीचे गाणे वाजवा, कारण हौस टिकली तरच रियाज टिकतो.

आता दुखण्याविषयी. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्यांचे जे स्नायू आणि स्नायुबंध थकलेले असतात, त्यांतल्या अनेकांवर संध्याकाळी गिटारचाही ताण येतो. त्यामुळे घरी येताच वाजवायला न बसता थोडा वेळ हाताला आराम द्या. हात नसलेल्या खुर्चीत बसा, मनगट फार दुमडू नका. तारा फ्रेटपासून फार उंच असतील तर दुरुस्ती करणाऱ्याकडून त्या खाली करून घ्या, सुरुवातीला पातळ तारा लावा. बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळणे स्वाभाविक आहे. मात्र बधिरपणा, मुंग्या, रात्री हाताच्या कळेने जाग येणे किंवा बोट दुमडून अडकणे ही लक्षणे स्वाभाविक नाहीत. अशा वेळी वाजवणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मधुमेहींनी तर विशेष जपावे. बोट अडकणे, मनगटातली नस दबणे आणि खांदा आखडणे हे तिन्ही त्रास त्यांच्यात अधिक आढळतात. एक सोपी तपासणी घरी करता येते. नमस्कार करा. तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील तर सांधे आखडू लागले असण्याची शक्यता आहे. साखर तपासून घ्या आणि डॉक्टरांशी बोला. बोटांची संवेदना कमी झाली असेल तर टोकांना जखम नाही ना, हे रोज पाहा.

आणखी एक लक्षण फसवे असते. दुखत काहीच नाही, पण वाजवतानाच एखादे बोट आपोआप आत वळते. हा ‘फोकल डिस्टोनिया’ असू शकतो. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात यामुळेच निकामी झाला आणि उपचारांनंतर दोन्ही हातांनी वाजवायला त्यांना जवळपास तीन दशके लागली. रियाज वाढवून हा विकार बरा होत नाही, उलट बळावू शकतो. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे.

गिटार पिशवीत न ठेवता समोर स्टँडवर ठेवा आणि रोजची वेळ ठरवून टाका. महिन्यातून एकदा मोबाइलवर आपले वादन ध्वनिमुद्रित करा. तीन महिन्यांनी पहिले आणि शेवटचे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐका आणि वय आड आले का, ते त्यावरून ठरवा.