रामसे बंधूंची भुते आणि त्यांचा प्रेक्षक

वाचकहो, साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेच्या अंकात भुताखेतांच्या स्वस्त चित्रपटांवरचा लेख पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. म्हणून आधी विश्राम बेडेकरांचे नाव घेतो. ‘रणांगण’ लिहिणारे बेडेकर चित्रपट दिग्दर्शकही होते, हे आपण जाणताच. १९७० साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. निर्माते होते एफ. यू. रामसे. चित्रपट पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा चढवून चोरीला निघतात, असा एक प्रसंग होता. रामसे यांच्या मुलांनी थिएटरात बसून पाहिले, तर लोक तेवढ्या प्रसंगावर खूश होते. बाकीच्या कथेशी त्यांना कर्तव्य नव्हते. मुलांनी वडिलांना सुचवले की मग अख्खा चित्रपटच भीतीचा का काढू नये? हिंदी भयपटांच्या सर्वांत नावाजलेल्या घराण्याचा उगम असा एका मराठी कादंबरीकाराच्या पडलेल्या चित्रपटात आहे.

हे मूळचे रामसिंघानी. फाळणीपूर्वी कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून त्याचे रामसे झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले. मुलगे सात. पुढे कुमार लिहू लागला, गंगूने कॅमेरा धरला, किरणने ध्वनी सांभाळला, अर्जुनने संकलन, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शनाला उभे राहिले. एखाद्या एकत्र कुटुंबाने किराणा दुकान चालवावे तसा हा धंदा होता. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला एका गेस्ट हाउसात मुक्काम ठोकून काढला. ना मोठा नट, ना सेट. खर्च साडेतीन लाख रुपयांच्या आसपास. बायको आणि तिचा यार मिळून नवऱ्याला मारून पुरतात आणि पुरलेला माणूस परत येतो, एवढीच गोष्ट. चित्रपट चालला.

अशा चित्रपटांना एक्स्प्लॉयटेशन फिल्म म्हणतात. मोठा नट घ्यायची ऐपत नसलेला निर्माता पोस्टरवर एकच गोष्ट विकतो: भीती, रक्त किंवा उघडे अंग. बाकी सगळे त्या एका गोष्टीभोवती गुंडाळलेले असते. हे जगभर असेच चालते. अमेरिकेत १९६८ साली जॉर्ज रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला, तेव्हा रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला होता. चित्रपट कृष्णधवल, मग कोणाला कळणार?

मी ‘पुराना मंदिर’ पाहिला तो बेळगावात, १९८४ साली. होमिओपॅथीच्या अभ्यासक्रमाची शेवटची वर्षे होती. घरी सांगायची सोय नव्हती. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण, सकाळी बस्तीत दर्शन. त्या घरातला मुलगा रात्रीच्या खेळाला भुताचा आणि वर ‘ए’ सर्टिफिकेटचा चित्रपट बघायला जातो, हे आईच्या कानावर गेले असते तर भुतापेक्षा मोठे काही अंगावर आले असते. मध्यंतरात मित्र भजी खात होते आणि मी नुसता उभा होतो. नियम असा अर्धाच पाळला, याचे आज हसू येते.

चित्रपटाची गोष्ट आपल्याला ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो. सामरी नावाच्या नरपिशाचाला एक राजा पकडतो आणि त्याचे मुंडके उडवतो. धड एका जुन्या देवळामागे पुरतात, डोके पेटीत बंद करून हवेलीत ठेवतात. मरताना सामरी शाप देतो की या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी त्या वंशातला ठाकूर मुलीच्या प्रेमाला विरोध करतो. वरवर कारण पैशाचे दिसते. खरे कारण हे, की लग्न झाले तर ती बाळंतपणात जाणार. सामरीचे काम केले अनिरुद्ध अग्रवाल यांनी. रुडकीहून शिकलेला स्थापत्य अभियंता, उंच देह, लांबट चेहरा. मध्येच जगदीप यांचे ‘शोले’ची नक्कल करणारे विनोदी उपकथानक येते, त्याचा मूळ गोष्टीशी संबंध लावायचा कोणी प्रयत्न करू नये. हे सगळे असूनही चित्रपट त्या वर्षी जोरात चालला आणि लहान गावांतून पुढेही फिरत राहिला.

आमच्या शास्त्रात रोग्याची हकिकत घेताना एक प्रश्न हमखास विचारतात: भीती कशाची वाटते? अंधाराची, एकटेपणाची, गडगडाटाची, मरणाची, जे असेल ते लिहून घ्यायचे. मी दवाखाना थाटला त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत खानापूरकडची एक पहिलटकरीण सासूबरोबर आली होती. झोप येत नाही, ही तक्रार. मी ठरलेला प्रश्न विचारला. ती बराच वेळ बोलली नाही. सासू औषधाच्या पुड्यांची चौकशी करायला बाहेर गेली, तशी म्हणाली, “डॉक्टर, त्या सिनेमात झालं तसं माझंबी होईल काय ओ?” मी हसलो. सिनेमातले खरे धरायचे नसते, असे काहीतरी बोललो. पुढच्या खेपेला सासूकडून कळले की तिची थोरली जाऊ आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती.

त्या दिवसापासून मी या चित्रपटांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. सामरीचा मुखवटा रबरी आहे, हे पुढच्या बाकावरच्या पोरालाही दिसत होते. शाप मात्र रबरी नव्हता. त्या काळात खेडोपाडी जवळपास प्रत्येक घराला अशी एखादी गेलेली बाई माहीत होती, आणि तिच्याविषयी मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. मोठ्या पडद्यावरच्या चकचकीत कथांनी हा विषय घेतला नाही. रामसेंनी घेतला. समाजसेवा म्हणून नव्हे, धंदा म्हणून. भीती विकायची तर गिऱ्हाइकाजवळ आधीपासून असलेली भीती शोधावी लागते. तीन अंकी नाटकातली सुबक भीती त्यांना परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी चुलीजवळची उचलली. होमिओपॅथ असल्याने इथे ‘समाने समाची चिकित्सा’ हे सूत्र लावण्याचा मोह होतो, पण तो आवरतो. त्या बाईची झोप सिनेमाने सुधारली नव्हती, उलट उडवली होती.

आणि या चित्रपटांची वकिली मला करायची नाही. ओलेत्या नायिकेची लांबलेली दृश्ये ही शुद्ध गल्लाभरू आहेत. ज्या बाईच्या मरणाच्या भीतीवर गोष्ट उभी, तिच्याच अंगावर कॅमेरा रेंगाळतो. हे मला तेव्हा खटकले नाही, आज खटकते. कुरूप म्हणजे दुष्ट, हा हिशेबही तसाच. चेहरा बिघडलेले, बोटे झडलेले रोगी गावात कसे वागवले जातात, हे डॉक्टरला रोज दिसते.

१९८८ चा ‘वीराना’, १९९० चा ‘बंद दरवाजा’, मग १९९३ पासून दूरचित्रवाणीवरचा ‘झी हॉरर शो’. लाट ओसरली. यानंतरची गोष्ट मात्र मजेशीर आहे. मोंडो मॅकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ यांची डीव्हीडी काढली आणि इंग्लंड-अमेरिकेतले शौकीन त्या जमवू लागले. यालाच कल्ट प्रेक्षक म्हणतात: थोडे, पण कट्टर, चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणारे, संवाद पाठ असणारे, फाटकी शिवण दिसली की टाळ्या वाजवणारे. आता आपल्याकडची तरुण मुलेही तसेच पाहतात. माझा नातू मोबाइलवर सामरी लावतो आणि हसून लोळतो. त्याच्या हसण्यात प्रेम आहे, हे मी नाकारत नाही. नीटनेटक्या चित्रपटात प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. कच्च्या चित्रपटात तो उरलेले स्वतः भरतो, म्हणून तो चित्रपट त्याचा होतो. पण पहिल्या प्रेक्षकानेही भरलेच होते, आणि त्याने घरातून आणलेले भरले होते.

परवा मी नातवाला ठाकूर मुलीला का अडवतो तो प्रसंग थांबवून दाखवला आणि खानापूरच्या त्या बाईची हकिकत सांगितली. “मग तिचं काय झालं?” त्याने विचारले. तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या, सासू पेढे घेऊन आली होती. ती स्वतः मात्र माझ्या दवाखान्यात पुन्हा आली नाही.