प्लस पुढे की मागे?

ऑटोमॅटिक स्पोर्ट्‌स कारमध्ये लिव्हर बाजूच्या खाचेत सरकवला की मॅन्युअल मोड सुरू होतो. तिथे दोनच खुणा असतात, प्लस आणि मायनस. प्लसकडे झटका दिला की गिअर चढतो, मायनसकडे दिला की उतरतो. एवढी सोपी गोष्ट. पण प्लस पुढे असावा की मागे, हे मोटार उद्योगाला पन्नासहून अधिक वर्षांत एकदाचे ठरवता आलेले नाही. वेगात गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही, म्हणून त्याचा प्रवास नीट पाहायला हवा.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. 1967 च्या पॉन्टियाक जीटीओमध्ये हर्स्ट कंपनीचा ‘ड्युअल गेट’ लिव्हर मिळू लागला. त्याला शेजारी-शेजारी दोन खाचा होत्या. डावीकडची नेहमीच्या ऑटोमॅटिकची, तर उजवीकडची स्वतः गिअर बदलू पाहणाऱ्या चालकाची. उजव्या खाचेत लिव्हर पहिल्या गिअरमधून पुढे ढकलला की दुसरा, आणखी पुढे ढकलला की तिसरा. एका ढकलण्यात एकच गिअर चढेल, हात भलतीकडे जाणार नाही, अशी सोय खाचेतच होती.

इथे गिअर चढवण्याची दिशा पुढची ठरली, त्याचे कारण ऑटोमॅटिकच्या जुन्या मांडणीत आहे. पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह आणि त्यामागे खालचे गिअर हा क्रम पुढून मागे येतो. घाटात उतरताना चालक लिव्हर मागे ओढून खालचा गिअर घेतो. म्हणजे ‘मागे’ याचा अर्थ खालचा गिअर, हे ऑटोमॅटिक चालवणाऱ्या हाताला आधीच शिकवलेले होते.

पोर्शेने 1990 च्या मॉडेलसाठी 911 कॅरेरा 2 मध्ये टिपट्रॉनिक आणले, तेव्हा हीच दिशा कायम राहिली. चार गिअरची ही ऑटोमॅटिक पेटी. लिव्हर उजव्या खाचेत नेऊन पुढे ढकलला की गिअर चढे, मागे ओढला की उतरे. टिपट्रॉनिक हे नाव आणि त्यामागची कल्पना पुढे ऑडी आणि फोक्सवॅगनकडेही गेली आणि ‘प्लस पुढे’ हा रिवाज जगभर पसरला.

त्याच सुमारास शर्यतींच्या जगात मात्र उलटा रिवाज रुजत होता. टूरिंग कार आणि रॅलीच्या गाड्यांत सिक्वेन्शियल गिअरबॉक्स आले. त्यांत लिव्हरच्या प्रत्येक हालचालीला आतला दंडगोल एक टप्पा फिरतो आणि पुढचा किंवा मागचा गिअर क्रमाने लागतो. तिथे चढवायला लिव्हर मागे ओढतात आणि उतरवायला पुढे ढकलतात. हा नियम कागदावर नव्हे, चालकाच्या शरीरावर ठरला आहे.

एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या कुणालाही त्यामागचे कारण समजेल. गाडी वेग घेते तेव्हा शरीर मागे रेलते, ब्रेक लागतो तेव्हा पुढे झुकते. वरचा गिअर चालक वेग घेतानाच टाकतो. त्या वेळी हात आपोआप मागे जात असतो. खालचा गिअर बहुधा वळणाआधी, ब्रेक दाबलेला असताना हवा असतो. तेव्हा हात पुढे जात असतो. माणसाचा एक हात साधारण तीन-चार किलोचा. चांगल्या टायरची स्पोर्ट्‌स कार कडक ब्रेकला सुमारे 1 जी इतक्या जोराने थांबते, म्हणजे हाताला त्याच्या वजनाएवढाच जोर पुढे खेचत असतो. अशा क्षणी लिव्हर मागे ओढायला लावणे म्हणजे चालकाला स्वतःच्याच शरीराशी झगडायला लावणे.

1989 मध्ये फेरारीने वेगळाच मार्ग काढला. जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या फेरारी 640 या फॉर्म्युला वन गाडीत स्टिअरिंगच्या मागे दोन पॅडल होती: उजवे चढवायला, डावे उतरवायला. मोसमातली पहिलीच शर्यत ब्राझीलमध्ये नायजेल मॅन्सेलने या गाडीतून जिंकली. 1997 मध्ये हे तंत्र एफ355 मधून रस्त्यावर आले. पॅडल थेट शर्यतीतून आली असल्याने त्यांच्याबाबत पुढे बहुतेकांचे एकमत झाले. तरीही तिथे चाचपडणे झालेच. पोर्शेने 2008 मध्ये 911 ला दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स दिला, तेव्हा स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना सारखीच बटणे होती. अंगठ्याने पुढे दाबले की गिअर चढे, बोटाने मागून ओढले की उतरे. चालकांना ते रुचले नाही आणि लवकरच उजवे-डावे पॅडल पर्याय म्हणून आले.

लिव्हरच्या बाबतीत वाट बदलण्याचे धैर्य काहींनी आधीच दाखवले होते. बीएमडब्ल्यूने सुरुवातीच्या स्टेपट्रॉनिक या ऑटोमॅटिक पेटीत प्लस पुढे ठेवला होता, पण शतक बदलताना दिशा फिरवली. 2001 च्या एम3 मधल्या एसएमजी गिअरबॉक्समध्येही मागे ओढूनच गिअर चढतो. माझदाने आरएक्स-8 आणि एमएक्स-5 या दोन्ही स्पोर्ट्‌स कारमध्ये हीच दिशा धरली.

सर्वांत बोलकी कबुली पोर्शेची. 2013 च्या 911 जीटी3 मध्ये कंपनीने पीडीकेच्या लिव्हरची दिशा शर्यतीच्या गाड्यांप्रमाणे उलटी केली: ओढले की चढणार, ढकलले की उतरणार. जिने ‘प्लस पुढे’चा रिवाज जगाला दिला, तिनेच तो दोन तपांनी मोडला. नंतरच्या 992 पिढीत साध्या 911 मधून लिव्हरने गिअर बदलण्याची सोयच गेली, उरला एक छोटा खटका. जीटी3 मध्ये मात्र हातात मावेल असा लिव्हर ठेवला गेला. 2024 च्या सुरुवातीला टोयोटाने जीआर यारिसला आठ गिअरची ऑटोमॅटिक पेटी दिली आणि तिथेही लिव्हरची दिशा शर्यतीच्या गाड्यांना जुळवून घेतली.

तरीही गोंधळ संपलेला नाही. आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या लिव्हरवर प्लस पुढेच होता. एकाच घरात दोन कंपन्यांच्या गाड्या असतील, तर एकाच हाताला दोन उलट सवयी लावाव्या लागतात. आणीबाणीच्या क्षणी हात जुन्या सवयीनेच चालतो. वळणाच्या तोंडाशी हवा असतो खालचा गिअर आणि पडतो वरचा, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी इंजिनचा ब्रेक हातचा जातो.

असा गोंधळ मिटवता येतो, याला इतिहासात दाखला आहे. जुन्या अमेरिकी ऑटोमॅटिक गाड्यांत कुठे रिव्हर्स सर्वांत शेवटी, लो गिअरच्याही पलीकडे असे. 1968 पासून अमेरिकेत लागू झालेल्या सुरक्षा नियमाने रिव्हर्स आणि ड्राइव्हच्या मध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे हे ठरवले. आज कुठल्याही देशातल्या ऑटोमॅटिक गाडीत बसलो तरी हा क्रम ओळखीचा वाटतो. प्लस-मायनसलाही अशा एका नियमाची गरज आहे आणि तो शर्यतीच्या बाजूने असावा. शरीर ज्या दिशेला जाते, त्याच दिशेला गिअर जावा.

तोवर वाचकांनी एवढे करावे. ऑटोमॅटिक गाडी घेताना चाचणी फेरीत मॅन्युअल मोड जरूर वापरून पाहा. मोकळ्या रस्त्यावर वेग घेताना आणि ब्रेक लावताना लिव्हर हाताला साथ देतो की विरोध करतो, ते तपासा. प्लस पुढे असेल आणि पॅडल असतील, तर गिअर पॅडलनेच बदला. आणि कंपनी तुमचे मत विचारेल तेव्हा ही तक्रार नोंदवायला विसरू नका.